‘लिंग’ या रकान्यात नेमके काय विचारावे : सिसजेंडर वाचकांसाठी मार्गदर्शिका

पुण्यात सदनिका भाड्याने घेताना, मुलाला क्लासला घालताना, रक्त तपासायला देताना किंवा बँकेत खाते उघडताना नावाखालोखाल एक रकाना हमखास समोर येतो, आणि तो म्हणजे ‘लिंग’. बहुसंख्य लोक तो क्षणभरही न थांबता भरतात. ज्यांना थांबावे लागते त्यांना मात्र त्या एका शब्दाआडून कोणता प्रश्न विचारला जात आहे, हेच उमगत नाही, कारण फॉर्म तयार करणाऱ्यानेही त्याचा विचार केलेला नसतो. ही मार्गदर्शिका न थांबता रकाना भरणाऱ्यांसाठी आहे, आणि त्यांतही सोसायटीचे सचिव, शाळा-महाविद्यालयांतील शिक्षक, दवाखान्याच्या स्वागतकक्षात बसणारे कर्मचारी, कंपन्यांमधील मनुष्यबळ विभाग, गणेश मंडळांचे कार्यकर्ते आणि घरातील पालक अशा, इतरांची नोंद करण्याचे किंवा इतरांना हाक मारण्याचे काम ज्यांच्याकडे रोज येते त्यांच्यासाठी आहे. पद्धत थोडक्यात अशी, की जिथे लिंगभाव, म्हणजे व्यक्ती स्वतःला स्त्री, पुरुष की आणखी काही मानते हे, जाणून घेण्याची गरज नाही तिथे तो विचारू नये आणि त्याचा अंदाजही बांधू नये. जिथे गरज आहे तिथे ती कशाची आहे हे आधी ठरवावे आणि तेवढेच विचारावे.

आधी स्वतःची जागा ओळखावी

बाळ जन्मताच त्याच्या शरीराकडे पाहून ‘मुलगी’ किंवा ‘मुलगा’ असे सांगितले जाते आणि तीच नोंद जन्मदाखल्यावर येते. मोठेपणी ज्या व्यक्तीला स्वतःची ओळख त्या नोंदीशी जुळणारी वाटते ती सिसजेंडर, आणि जिची ओळख त्या नोंदीशी जुळत नाही ती ट्रान्सजेंडर, म्हणजेच मराठीत पारलिंगी. अकरावी-बारावीच्या रसायनशास्त्रात सिस आणि ट्रान्स समघटक शिकलेल्यांना ही जोडी परिचयाची वाटेल. पुण्यातले बहुतेक लोक सिसजेंडर आहेत, आणि त्यांच्यापैकी फार थोड्यांना हे विशेषण स्वतःला लावण्याची वेळ आली आहे.

‘आम्ही साधी, नॉर्मल माणसे, आम्हाला वेगळे नाव कशाला?’ हा आक्षेप पुष्कळदा प्रामाणिकपणे घेतला जातो, म्हणून त्याचे उत्तरही नीट द्यायला हवे. सदाशिव-नारायण पेठेत वाढलेल्या माणसाला वर्षानुवर्षे असे वाटू शकते, की हेल असतो तो नागपूरकरांच्या, कोल्हापूरकरांच्या किंवा मालवणच्या लोकांच्या बोलण्याला. आपण बोलतो ती नुसती मराठी. नागपुरात उतरल्यावर मात्र दोन वाक्यांतच त्याला ‘पुण्याचे का?’ असे विचारले जाते. त्याच्या बोलण्याला हेल आधीपासून होताच. शाळेची पुस्तके आणि आकाशवाणीच्या बातम्या त्याच वळणाच्या असल्यामुळे तो त्याच्या कानाला लागत नव्हता. सिसजेंडर असण्याचेही असेच आहे. फॉर्म, स्वच्छतागृहे, बसमधल्या राखीव जागा आणि लग्नपत्रिकेतील मायने या सगळ्यांची मांडणी आपल्याला धरूनच झालेली असते, त्यामुळे आपल्यालाही एक लिंगभाव-ओळख आहे हे जाणवायला प्रसंगच येत नाही.

तो प्रसंग मुद्दाम आणता येतो. एका आठवड्यात कुठे-कुठे कोणी आपले लिंग न विचारता बरोबर धरले, याची नोंद ठेवून पाहावी. राज्य परिवहनच्या गाड्यांमध्ये १७ मार्च २०२३ पासून महिलांना निम्म्या दराने तिकीट मिळते. वाहकाने एका नजरेत ते तिकीट फाडून दिले का, की आधार कार्ड मागितले? मॉलच्या दारात तपासणीच्या दोन रांगांपैकी कोणत्या रांगेत जायचे, यावर कोणी हरकत घेतली का? घर पाहायला गेल्यावर दलालाने आपल्या आवाजाकडे आणि ओळखपत्रावरच्या नावाकडे आळीपाळीने पाहिले का? सिसजेंडर व्यक्तीची ही नोंदवही बहुधा कोरी राहील. ती कोरी राहणे हीच आपल्याला मिळालेली सवलत आहे, आणि ती समजून घेतल्याशिवाय पुढील भागांतील सूचना निव्वळ शिष्टाचारासारख्या वाटतील.

या टप्प्यावर तीन गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. सिसजेंडर असणे म्हणजे भिन्नलिंगी आकर्षण असणे नव्हे. समलिंगी पुरुष आणि समलिंगी स्त्रियासुद्धा सिसजेंडर असू शकतात आणि बहुसंख्य असतातही. सिसजेंडर असणे म्हणजे स्त्री किंवा पुरुष म्हणून समाजाने नेमून दिलेली सगळी कामे मान्य असणे नव्हे. मंगळसूत्र न घालणारी, हळदीकुंकवातून विधवांना वगळण्यास विरोध करणारी, बुलेट चालवणारी स्त्री तितकीच सिसजेंडर असू शकते. आणि सिसजेंडर असणे डोळ्यांना दिसत नाही. जंगली महाराज रस्त्यावरून जाताना ज्यांच्या नावाचे रंगमंदिर लागते, त्या बालगंधर्वांनी, म्हणजे नारायणराव राजहंसांनी, रंगभूमीवर स्त्री-भूमिका अशा साकारल्या की त्यांची साडी नेसण्याची आणि दागिने ल्यायची पद्धत घरंदाज स्त्रियांनी उचलली. एवढ्यावरून कोणी त्यांना स्त्री मानले नाही. वेश, वावर आणि ओळख या तीन निराळ्या बाबी आहेत हे मराठी प्रेक्षकाला शंभर वर्षांपूर्वीही कळत होते. तीच समज नाट्यगृहाबाहेर, शेजारच्या मुलाच्या लांब केसांकडे पाहतानाही वापरायची आहे.

एका रकान्यातले चार प्रश्न

‘लिंग’ या रकान्यात निदान चार वेगवेगळे प्रश्न एकत्र झालेले असतात. पहिला प्रश्न शरीराचा असतो, म्हणजे कोणते अवयव आहेत आणि कोणती संप्रेरके काम करत आहेत. दुसरा कागदाचा, म्हणजे आधार, पॅन किंवा जन्मदाखल्यावर काय नोंदले आहे. तिसरा ओळखीचा, म्हणजे ती व्यक्ती स्वतःला काय मानते. चौथा संबोधनाचा, म्हणजे पत्रात आणि बोलण्यात तिला कसे संबोधावे. सिसजेंडर व्यक्तीच्या बाबतीत या चारही प्रश्नांची उत्तरे सहसा एकच येतात, आणि म्हणूनच ते चार आहेत हे आपल्या लक्षात येत नाही. आकर्षण कोणाबद्दल वाटते हा पाचवा प्रश्न या रकान्यात कधीच नसतो; तरीही वाचणारा तो मनातल्या मनात भरून टाकतो.

हे प्रश्न एकमेकांपासून किती सुटे असू शकतात, हे धावपटू द्युती चंद यांच्या सार्वजनिक जीवनातून स्पष्ट दिसते. त्या मुलगी म्हणून जन्मल्या, मुलगी म्हणून वाढल्या आणि स्वतःला स्त्रीच मानतात. तरीही शरीरातील टेस्टोस्टेरॉन या, पुरुषांत सहसा अधिक असणाऱ्या, संप्रेरकाचे प्रमाण ठरावीक मर्यादेपेक्षा अधिक असल्याच्या कारणावरून २०१४ मध्ये त्यांना ग्लासगो येथील राष्ट्रकुल स्पर्धेच्या संघातून वगळण्यात आले. त्यांनी आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाकडे दाद मागितली आणि जुलै २०१५ मध्ये लवादाने त्या नियमाला स्थगिती दिली. पुढे २०१९ मध्ये त्यांनी आपले एका स्त्रीवर प्रेम असल्याचे जाहीरपणे सांगितले. ओळख स्त्रीची, कागद स्त्रीचा, संप्रेरके नियमकर्त्यांच्या अपेक्षेबाहेरची आणि प्रेम स्त्रीवर, अशी ही एकाच व्यक्तीची उत्तरे आहेत, आणि त्यांतील कोणतेही एक दुसऱ्यावरून काढता येत नाही. त्यांच्याआधी तामिळनाडूच्या शांती सौंदराजन यांचे २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेतील रौप्यपदक लिंगचाचणीनंतर काढून घेण्यात आले होते. लिंगाविषयीची गृहीतके केवळ पारलिंगी व्यक्तींना जाचतात, असे मानणाऱ्यांनी ही दोन नावे विसरू नयेत.

फॉर्म तयार करताना

हातातील फॉर्म घेऊन प्रत्येक रकान्यापुढे ‘ही माहिती आपण कशासाठी वापरणार आहोत?’ हे एका वाक्यात लिहून काढावे. ज्या रकान्यापुढे काहीच लिहिता येत नाही, तो रकाना काढून टाकावा. सोसायटीच्या भाडेकरू नोंदणीत, गाड्यांच्या पार्किंगच्या अर्जात, ग्रंथालयाच्या सभासदत्वात, गायनाच्या क्लासच्या प्रवेशपत्रात आणि गणेशोत्सवाच्या वर्गणीच्या पावतीवर लिंग विचारण्याचे कारण मला तरी सापडलेले नाही. तिथे ते केवळ छापखान्याकडच्या जुन्या नमुन्यातून आलेले असते.

जिथे गरज आहे तिथे प्रश्न पूर्ण वाक्यात लिहावा. उदाहरणार्थ, ‘आधार कार्डावर नोंदलेले लिंग (विमा कंपनीला कळवण्यासाठी)’ असे लिहिले की भरणाऱ्याला काय लिहायचे ते कळते आणि आपण त्याच्या ओळखीवर निवाडा देत नाही आहोत हेही कळते. वसतिगृहाच्या अर्जात ‘आपल्याला कोणत्या निवासात राहणे योग्य आणि सुरक्षित वाटते?’ असा प्रश्न हवा, कारण तिथे निर्णय त्याच उत्तरावर घ्यायचा असतो. महाविद्यालयाला विद्यार्थ्यांची वर्गवारी शासनाला कळवायची असेल, तर तो आकडा कोणत्या नोंदीवरून जाणार आहे हे त्या रकान्याखाली लहान अक्षरांत का होईना, पण छापावे.

ओळख विचारायचीच असेल, तर पर्याय देताना एक चूक फार वेळा होते. ‘पुरुष, स्त्री, ट्रान्सजेंडर’ असे तीन पर्याय ठेवले की आपण सर्वसमावेशक झालो, असे फॉर्म करणाऱ्याला वाटते. पण पारलिंगी स्त्री स्वतःला स्त्री मानते, तेव्हा तिने दुसऱ्या पर्यायावर खूण करावी की तिसऱ्यावर? या मांडणीत पहिले दोन पर्याय जणू सिसजेंडर लोकांसाठी राखून ठेवले जातात. त्याऐवजी ‘स्त्री’, ‘पुरुष’, ‘माझ्या शब्दांत’ असे लिहून पुढे कोरी जागा, आणि शेवटी ‘सांगू इच्छित नाही’ असे पर्याय द्यावेत. एखाद्या योजनेच्या लाभासाठी पारलिंगी असल्याची नोंद आवश्यक असेल, तर तो प्रश्न स्वतंत्र ओळीवर, कारणासह आणि ऐच्छिक ठेवावा. कोऱ्या जागेत कोणी तृतीयपंथी, कोणी हिजडा, कोणी जोगता, तर कोणी नॉनबायनरी (म्हणजे स्त्री-पुरुष या दोहोंत न बसणारी व्यक्ती) असे लिहील. यांतले प्रत्येक नाव वेगळ्या जीवनपद्धतीचे, काही वेळा वेगळ्या परंपरेचे असते, आणि ते आपण परस्पर ‘इतर’ या एका शब्दात गुंडाळू नये. टाळी वाजवून पैसे मागणारी व्यक्ती म्हणजेच पारलिंगी, या चित्रात पारलिंगी पुरुष, म्हणजे जन्मनोंद मुलीची पण ओळख पुरुषाची असलेले, तर कुठेच दिसत नाहीत, हेही इथेच सांगून ठेवतो.

केवळ रकान्यामुळे माणसाची संधी अडू शकते. २०२२ च्या अखेरीस महाराष्ट्राच्या पोलीस भरतीच्या ऑनलाइन अर्जात दोनच पर्याय असल्यामुळे पारलिंगी उमेदवारांना अर्जच भरता येत नव्हता. प्रकरण आधी महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात आणि मग मुंबई उच्च न्यायालयात गेले, आणि डिसेंबरमध्ये न्यायालयाने राज्य शासनाला पुढील वर्षाच्या २८ फेब्रुवारीपर्यंत शारीरिक चाचणीचे नियम करण्यास सांगितले. त्याच वर्षी शेजारच्या पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेने तृतीयपंथी व्यक्तींना सुरक्षारक्षक म्हणून कामावर घेतले. दोन्ही यंत्रणा शासकीयच. एकीच्या अर्जात जागा नव्हती आणि दुसरीने ती केली.

मराठी फॉर्मची आणखी दोन ठिकाणे तपासावीत. नावाआधीचे ‘श्री./सौ./श्रीमती/कु.’ हे पर्याय पुरुषाला त्याचे लग्न झाले आहे का हे विचारत नाहीत. स्त्रीला मात्र नावासोबतच ते सांगायला लावतात, आणि पती हयात आहे की नाही हेही. यात जाच होतो तो मुख्यतः सिसजेंडर स्त्रियांना. हा उपसर्ग सरळ काढून टाकावा. पत्रात ‘आदरणीय’ किंवा ‘सप्रेम नमस्कार’ लिहून पूर्ण नाव लिहिले की आदरात काही उणे पडत नाही. दुसरे ठिकाण म्हणजे ‘वडिलांचे/पतीचे नाव’. १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या शासकीय नोंदींत स्वतःचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम महाराष्ट्र शासनाने ठरवून दिला आहे. संस्थेच्या फॉर्ममध्ये ‘मधले नाव, असल्यास’ एवढेच पुरेसे असते.

कायद्याची पार्श्वभूमी फॉर्म करणाऱ्याला माहीत असावी. १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्यात, आपला लिंगभाव स्वतः ठरवण्याचा अधिकार मान्य केला. पारलिंगी व्यक्तींच्या हक्कांच्या संरक्षणाचा २०१९ चा कायदा १० जानेवारी २०२० रोजी लागू झाला. त्याच्या कलम ३ ने शिक्षण, नोकरी, आरोग्यसेवा यांच्याबरोबर घर भाड्याने घेणे आणि विकत घेणे यांतही भेदभावास मनाई केली, आणि ही बाब सोसायटीच्या प्रत्येक कार्यकारिणीने वाचून ठेवण्यासारखी आहे. अशा कायद्यांत आणि नियमांत दुरुस्त्या होत असतात, म्हणून फॉर्म छापायला देण्यापूर्वी त्या दिवशी लागू असलेला मजकूर वकिलाकडून पाहून घ्यावा.

दवाखान्यात आणि प्रयोगशाळेत

इथे शरीराचा प्रश्न खरोखरच महत्त्वाचा असतो, आणि म्हणून तो अधिक नेमकेपणाने विचारायला हवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांनुसार प्रौढ पुरुषांत हिमोग्लोबिन १३ ग्रॅम प्रतिडेसिलिटरच्या खाली आणि गरोदर नसलेल्या स्त्रियांत १२ च्या खाली गेले, तर त्याला रक्तक्षय म्हणतात. टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्या पारलिंगी पुरुषाचे हिमोग्लोबिन त्या संप्रेरकामुळे वाढते. त्यामुळे कागदावर ‘स्त्री’ अशी नोंद असेल आणि अहवालात स्त्रियांचीच मर्यादा छापली असेल, तर त्याचा रक्तक्षय नजरेतून निसटू शकतो. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी ज्यांना गर्भाशयमुख आहे त्या सर्वांसाठी असते. त्यांत काही पुरुषही असतात. उलट, ‘पिशवी काढली’ असे सांगणाऱ्या अनेक सिसजेंडर स्त्रियांच्या बाबतीत ती तपासणी लागेल की नाही, हे कोणती शस्त्रक्रिया झाली आणि कशासाठी झाली यावर ठरते.

म्हणून केसपेपरवर लिंगाच्या एका शब्दावर विसंबू नये. कोणत्या शस्त्रक्रिया झाल्या आहेत, कोणती संप्रेरके चालू आहेत, पाळी येते का, गरोदरपणाची शक्यता आहे का, हे प्रश्न तपासणीला आवश्यक असतील तेवढेच, बंद दाराआड आणि कारण सांगून विचारावेत. नाव पुकारताना आडनाव किंवा टोकन क्रमांक वापरावा. भरलेल्या प्रतीक्षागृहात पारलिंगी व्यक्तीचे कागदावरचे, आता न वापरले जाणारे जुने नाव मोठ्याने वाचले गेले, तर ती व्यक्ती पुन्हा त्या दवाखान्याची पायरी चढेलच असे नाही. घसा दुखतो म्हणून आलेल्या रुग्णाला शस्त्रक्रियेविषयी कुतूहलाने विचारण्याला वैद्यकीय कारण नसते. पारलिंगी असणे हा मानसिक आजार नाही, हे तर आता वैद्यकाच्या वर्गीकरणातच आले आहे. १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीने हा विषय मानसिक आजारांच्या प्रकरणातून काढून लैंगिक आरोग्याशी संबंधित प्रकरणात ठेवला.

बोलताना

मराठीत लिंगभावाचा प्रश्न नावापेक्षाही क्रियापदात अधिक येतो, त्यामुळे इंग्रजीसाठी लिहिलेल्या सूचना आपल्याला अपुऱ्या पडतात. त्याचबरोबर मराठीने वाटही ठेवलेली आहे. ‘तू आलास’ आणि ‘तू आलीस’ यांत निवड करावी लागते. ‘तुम्ही आलात’ म्हणताना करावी लागत नाही. ‘तुम्ही कुठे राहता?’, ‘तुम्ही काय घेणार?’, ‘तुम्ही कधी याल?’ ही वाक्ये कोणालाही उद्देशून तशीच राहतात. एकेरीत बोलण्याइतकी जवळीक असेल, तरी ‘तू येशील का?’, ‘तू येणार आहेस का?’, ‘तुला काय हवंय?’ आणि ‘तू काय ठरवलंस?’ ही रूपे मोकळी आहेत. तिऱ्हाईत व्यक्तीविषयी बोलताना ‘ते आले’ किंवा ‘त्या आल्या’ यांऐवजी ‘त्यांनी सांगितलं’, ‘त्यांना विचारू’, ‘त्यांचा फोन आला होता’ अशी रचना केली की अंदाज बांधण्याची गरज पडत नाही. ही वाक्ये कोणत्याही घरात रोज बोलली जातात, त्यामुळे ऐकणाऱ्यालाही त्यांत काही वेगळे जाणवत नाही.

अनोळखी माणसाला हाक मारताना मंडईत, रिक्षा थांब्यावर किंवा फोनवर ‘दादा’, ‘ताई’, ‘काका’, ‘मावशी’, ‘सर’, ‘मॅडम’ ही संबोधने सहज येतात. ती आपुलकीने येतात, म्हणून ती मोडीत काढावीत असे मला वाटत नाही. खात्री नसेल तिथे ‘अहो, ऐका ना’, ‘नमस्कार’, ‘जरा सांगता का’ यांनी काम भागते. ग्राहकसेवेच्या फोनवर तर नुसत्या आवाजावरून ‘सर’ किंवा ‘मॅडम’ ठरवू नये. जाड आवाजाच्या अनेक सिसजेंडर स्त्रियांना आणि बारीक आवाजाच्या अनेक सिसजेंडर पुरुषांना प्रत्येक फोनवर समोरच्याची दुरुस्ती करत बसावे लागते. सभेच्या सूचनेत ‘बंधू-भगिनींनो’ ऐवजी ‘सर्व सभासदांना’ पुरते.

ओळख झाल्यानंतर समोरची व्यक्ती स्वतःविषयी कोणते क्रियापद वापरते, हे लक्षपूर्वक ऐकावे. ‘मी आले’ की ‘मी आलो’ यावरून पुष्कळदा उत्तर मिळून जाते आणि वेगळे विचारावे लागत नाही. मात्र एवढ्यावर पूर्ण विसंबू नये. कोल्हापूरकडच्या अनेक मुली घरी आणि मैत्रिणींत सहजपणे ‘मी आलो’, ‘मी जातो’ असेच म्हणतात. त्या सिसजेंडर मुली असतात आणि ती त्यांची बोली असते. पुण्याच्या महाविद्यालयांत त्यांची थट्टा होते, हे मला फार खटकते. ज्या भाषेत संतांनी विठ्ठलाला ‘विठाई’ म्हटले आणि ज्ञानदेवांना आजही वारीत ‘माउली’ म्हणून हाक मारली जाते, त्या भाषेच्या लोकांनी एका प्रत्ययावरून कोणाला हसू नये. उत्तर स्पष्ट होत नसेल आणि एकत्र काम करायचे असेल, तर एकांतात, साध्या शब्दांत विचारावे : ‘तुमच्याविषयी इतरांशी बोलताना मी कसे बोलू?’ मिळेल ते उत्तर, मग ते ‘तो’ असो, ‘ती’ असो, ‘ते’ असो, स्पष्टीकरण न मागता पाळावे. बोलताना चुकले, तर तिथल्या तिथे योग्य रूप उच्चारून वाक्य पुढे न्यावे. लांबलचक माफीमुळे सगळ्यांचे लक्ष त्या व्यक्तीकडेच जाते आणि समजूत घालण्याचे कामही तिच्यावर येऊन पडते.

घरात आणि शाळेत

लिंगभावाविषयीची गृहीतके मुलांपर्यंत पोचतात ती बहुतेक वेळा शिक्षेच्या किंवा थट्टेच्या रूपात. ‘मुलगा असून रडतोस काय’, ‘मुलीच्या जातीला शोभतं का’, ‘बायल्या’, ‘टॉमबॉय’ हे शब्द ज्या मुलांना ऐकावे लागतात, त्यांच्यातली बरीचशी मोठेपणी सिसजेंडरच असतात. स्वयंपाकाची आवड असलेल्या मुलाला आणि मैदानी खेळांची आवड असलेल्या मुलीला स्वतःच्या ओळखीविषयी कसलीही शंका नसते. शंका पाहणाऱ्याला असते. त्यामुळे अशा मुलाला ‘हा पारलिंगी असेल का’ या दृष्टीने तपासत राहणे हेसुद्धा जुन्याच गृहीतकाचे नवे रूप आहे. आवड ही आवड म्हणून राहू द्यावी. एखादे मूल स्वतः सांगत असेल, की मला मुलगी किंवा मुलगा म्हणणे चुकीचे आहे, आणि ते टिकून राहत असेल, तर ते शांतपणे ऐकावे, घाईने निष्कर्ष काढू नये आणि ओळख बदलून देण्याचे आश्वासन देणाऱ्या कोणत्याही उपचाराच्या वाटेला जाऊ नये. पुण्यात समपथिक ट्रस्ट ही संस्था लैंगिकता आणि लिंगभाव या विषयांवर काम करण्यासाठी २००२ मध्ये स्थापन झाली. पालकांना मराठीत बोलता येईल असा आधार शहरात आहे.

गणेशोत्सवातील स्पर्धांची यादी हा सुरुवात करण्यासाठी चांगला कागद आहे. ‘महिलांसाठी पाककृती व रांगोळी, पुरुषांसाठी क्रिकेट व कॅरम’ असे छापण्याऐवजी ‘पाककृती, रांगोळी, क्रिकेट, कॅरम, सर्वांसाठी खुले’ असे छापावे. यात एकाही पारलिंगी व्यक्तीचा उल्लेख नाही आणि कोणाला आपली ओळख उघड करावी लागत नाही.

शरीरावरून मारलेल्या शेऱ्यांविषयीही पालकांनी सावध असावे. पीसीओएस या संप्रेरकांशी संबंधित विकारामुळे हनुवटीवर केस येणाऱ्या मुली, वयात येताना छातीवर गाठी येणारी मुले, कर्करोगामुळे स्तन काढावा लागलेल्या स्त्रिया, दाढी न येणारे पुरुष यांच्यातले बहुतेक सिसजेंडर असतात आणि तरीही त्यांच्या स्त्रीत्वाविषयी किंवा पुरुषत्वाविषयी नातेवाईक उघडपणे बोलतात. वधू-वर संशोधनात तर हे बोलणे सर्वांत निर्दय होते. शरीरावरून ओळख ठरवायची नाही हा नियम घरातल्या या मुलामुलींसाठीही पाळायचा आहे.

मिळालेली माहिती सांभाळताना

एखाद्या व्यक्तीने आपण पारलिंगी असल्याचे एका माणसाला सांगितले, म्हणजे सगळ्या कार्यालयाला सांगण्याची परवानगी दिली, असे होत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या खंडपीठाने ऑगस्ट २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे ठरवले आहे, आणि लिंगभावाविषयीची माहिती याहून खासगी ती काय असणार? सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप समूहावर भाडेकरूच्या ओळखपत्राची प्रत टाकण्याची पद्धत त्यामुळे ताबडतोब बंद करावी. ती सिसजेंडर भाडेकरूंसाठीही धोक्याचीच आहे. नाव बदललेल्या कर्मचाऱ्याचे जुने नाव ज्या एका नोंदीत ठेवणे कायद्याने आवश्यक आहे, तेवढ्याच नोंदीत ठेवावे. हजेरीपट, ईमेल, ओळखपत्र आणि दारावरची पाटी नव्या नावाने करावी आणि हे सारे एकाच दिवशी करावे, म्हणजे त्या व्यक्तीला प्रत्येक विभागात स्वतंत्रपणे कारण सांगत फिरावे लागणार नाही.

जुन्या फॉर्मच्या छापील प्रती शिल्लक असतील, तर त्या संपेपर्यंत वापरण्याचा मोह होतो. तसे करावेच लागले, तर ‘लिंग’ या रकान्यावर आडवी रेघ मारूनच फॉर्म हाती द्यावा. आधी भरून घेतलेल्या फॉर्मवरची ही माहिती कोणत्याही कामासाठी लागत नसेल, तर ती संगणकावरील यादीतूनही काढून टाकावी, आणि हे काम कोणी, केव्हा पूर्ण केले याची नोंद कार्यकारिणीच्या पुढील सभेच्या इतिवृत्तात करावी.